अठरा दिवसांचा कागद

नाव मी घेत नाही,
पण कागदावर आहे म्हणून सांगते:
अंबादास नरसय्या इराबत्ती, वय एक्केचाळीस,
अठरा दिवस सिव्हिलात, कावीळ.
डोळे पिवळे, नखंसुद्धा पिवळी.
सलाईन फुकट, गोळ्या फुकट,
रक्त तीनदा काढलं, तेही फुकट.
केसपेपरचे दिले तेवढे दिले, त्याची पावती आहे,
डब्यात ठेवलीय, विडीच्या पासबुकाखाली.

डॉक्टर वाईट नाही, हे आधीच सांगते.
वॉर्डातला पंखा बंद पडला त्या रात्री
दीड वाजता स्वतः उठून आला,
वायरमनला फोनवर शिव्या घातल्या,
आणि आलोच आहे तर बघतो म्हणून
ह्यांच्या पोटावर दोन बोटं ठेवली,
जॉबर ताण्याचं सूत चाचपतो ना,
तशी, हलकी.

सुट्टी झाली.
टॉवेल कारखान्याचा मुनीम म्हणाला,
आजारी होता हे कागदावर आण,
नाहीतर अठरा खाडे, आणि माग दुसऱ्याला.
माणूस त्याच्यासमोर उभा होता,
गालफडं बसलेली,
पँट सुतळीनं बांधलेली.
तरी कागद पाहिजे.

डॉक्टर म्हणाला, दोनशे.
मी ऐकलंच नाही असं केलं.
तो परत म्हणाला, हळू, पेनाकडे बघत,
औषध सरकारचं आहे, मावशी,
सर्टिफिकेटाचं वेगळं असतं.
उद्या कुणी खोटं म्हटलं तर कोर्टात मी जाणार.
सही माझी आहे.

खरं आहे. सही त्याचीच.
मग मी विचारलं,
शिक्का कुणाचा हो?
हे टेबल, हे शाईचं पॅड,
ज्या खुर्चीत बसून तुम्ही सही करता ती खुर्ची?

नाही, विचारलं नाही.
हे सगळं मला अशोक चौकात रिक्षातून उतरल्यावर सुचलं,
उन्हात, चप्पल डांबराला चिकटत असताना.
तिथं एवढंच म्हटलं,
पावती मिळेल का?

तो हसला. वाईट नाही हसला,
पोरानं पाढा चुकवला की मास्तर हसतात तसा.
ड्रॉवर उघडला, मला वाटलं पावतीपुस्तक शोधतोय.
आत अर्धा पेरू होता,
आणि रबर लावलेल्या नोटा.

दोनशे म्हणजे चाळीस कट्टे.
हजार विड्या, दीड दिवसाची मान.
विडी कारखान्यातला चेकरसुद्धा
रोज मूठभर चांगल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढतो,
आणि ती छाट नंतर कुठं जाते
ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.
त्याचा मला राग येत नाही कधी.
पण त्यानं माझ्या माणसाच्या पोटावर
कधी हात ठेवला नव्हता.

घरी हे अजून डॉक्टरचंच नाव काढतात.
शेजारच्या गुंडेलीला बोलावून सांगतात,
देवमाणूस, अठरा दिवसांत एक पैसा घेतला नाही.
गुंडेली माझ्याकडे बघतो.
माझ्या मांडीवर सूप,
हातात पान,
दातात दोरा,
दातात दोरा असला की बोलता येत नाही.

सोमवारी कागद घेऊन गेले,
माग मिळाला, जुनाच, खिडकीजवळचा.
रात्री मी विचारलं,
मुनीमानं नीट वाचलं का हो सगळं?
सही वगैरे बघितली?

वाचतोय कुठला, म्हणाले.
शिक्का आहे का तेवढं बघितलं
आणि खिळ्याला टोचला.